कुलूपबंद गुंतवणूक

वर्षातून दोनदा मला वाघोलीला जावं लागतं. तिथे आमचा फ्लॅट आहे. म्हणजे बाबांचा. कराडहून त्यांचा फोन येतो, "जाऊन ये गं एकदा. नळ सोडून बघ, फ्लश कर, खिडक्या उघड, जरा वारा येऊ दे." मग एखाद्या रविवारी मी वाकडहून स्कूटर काढते, अख्खं पुणं या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडते आणि पावसाने फुगलेलं दार खांद्याने ढकलून आत शिरते. बाल्कनीत पारव्यांनी संसार मांडलेला असतो. नळातून आधी नुसती हवा येते, मग तांबडं पाणी. महावितरणचं बिल दाराखालून आत सरकवलेलं असतं. एकही दिवा न लावता आलेलं बिल. मजल्यावर चार दारं आहेत, त्यातली आमच्यासकट तीन बंद. चौथ्या घरातल्या काकू मला बघून दरवेळी खुश होतात आणि विचारतात, "राहायला येताय का?"

नाही, काकू. मी वाकडला भाड्याने राहते.

हे सांगितलं की लोक हसतात. बापाचा टू बीएचके असताना पोरगी भाडं भरते! पण माझं ऑफिस हिंजवडीत आहे आणि वाघोली ते हिंजवडी म्हणजे तीस किलोमीटर. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये ते अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. बाबांनी 2013 मध्ये हा फ्लॅट बुक केला तेव्हा तिथे कोण राहणार, कुठे कामाला जाणार, पाणी कुठून येणार, हे प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. एकच प्रश्न होता: रेट वाढेल का? एजंट म्हणाला वाढेल. विषय संपला.

मला ज्या गोष्टीविरुद्ध भांडायचं आहे ती हीच, राहण्यासाठी न घेतलेलं घर. मराठी मध्यमवर्गाची सगळ्यात लाडकी, सगळ्यात प्रतिष्ठित आणि सगळ्यात कमी तपासलेली गुंतवणूक. 'सेकंड फ्लॅट.' लग्नाच्या बोलणीत तो सांगितला जातो, रिटायरमेंटच्या भाषणात त्याचा उल्लेख होतो आणि आता रील्समध्ये पंचविशीतली पोरं-पोरी 'पॅसिव्ह इन्कम' म्हणत त्याचीच जाहिरात करतात.

आधी बाबांचा हिशेब मांडते. त्यांची परवानगी घेतली आहे. दिली त्यांनी, पण खुशीने नाही.

फंडाचे, ग्रॅच्युइटीचे आणि गावच्या जमिनीच्या वाट्याचे मिळून नोंदणी, मुद्रांक शुल्क, पार्किंग, ग्रिल, पंखे सगळं धरून 42 लाख गेले. ताबा 2016 च्या शेवटी मिळाला. आज एजंट 62 लाख सांगतो. गिऱ्हाईक प्रत्यक्षात आणत नाही, सांगतो. बाबांच्या डोक्यात हे "वीस लाख सुटले" असं बसलं आहे. बारा वर्षांत 42 चे 62 म्हणजे वर्षाला साधारण सव्वातीन टक्के. हेच पैसे त्यांच्या नेहमीच्या बँकेत मुदत ठेवीत पडून राहिले असते आणि कर वजा जाता सरासरी सहा टक्के जरी मिळाले असते, तर आज 84 लाख झाले असते. पैसे टप्प्याटप्प्याने भरले होते म्हणून चार-पाच लाख कमी धरा. उलट बाजूला नऊ वर्षांचा मेंटेनन्स धरा, महिन्याला 2,500 रुपयांप्रमाणे 2 लाख 70 हजार. मालमत्ता कर वेगळा. माझं पेट्रोल सोडून देते.

हे मी त्यांना कागदावर दाखवलं. त्यांनी कागद नीट घडी घालून वर्तमानपत्राखाली ठेवला आणि म्हणाले, "ठेव दिसत नाही. घर दिसतं."

या वाक्याची टिंगल करणं सोपं आहे, मी करणार नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पगार बँकेत जमा होताना आणि तिथूनच संपताना पाहिला, सहकारी बँका आणि पतपेढ्या बुडाल्यावर लोकांना काउंटरसमोर उभं राहून रडताना पाहिलं, शेअर बाजार म्हटलं की ज्याला हर्षद मेहता आठवतो, त्याला वीट-सिमेंटचाच आधार वाटणार. शिवाय हे सगळं आमच्यासाठीच होतं ना. "तुझ्याच नावावर होणार आहे उद्या." होय, होणार आहे. म्हणूनच मी हे लिहिताना बाहेरची नाही. या कुलपाची एक किल्ली माझ्याकडेही आहे.

*

आता बाबांचं सोडा. आज कोणी नव्याने उतरत असेल तर काय दिसतं ते पाहू. पुण्यात 80 लाखांचा फ्लॅट आणि त्याला 22 हजार भाडं, हे उदाहरण घेते. तुमच्या भागात आकडे थोडे इकडेतिकडे होतील, चित्र फारसं बदलणार नाही. वर्षाचं भाडं 2 लाख 64 हजार. त्यातून मेंटेनन्स, मालमत्ता कर, दोन भाडेकरूंच्या मधला रिकामा महिना, रंगकाम, ब्रोकर वजा करा. हातात पावणेदोन लाख राहिले तरी नशीब. 80 लाखांवर सव्वादोन टक्के. बचत खात्याच्याच आसपास म्हणायचं.

हाच फ्लॅट कर्जावर घेतला तर? वीस टक्के, म्हणजे 16 लाख, स्वतःचे. पुण्यात पुरुषाच्या नावावर सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे आणखी 5 लाख 60 हजार. बांधकाम चालू असलेली इमारत असेल तर पाच टक्के जीएसटी, 4 लाख. उरलेल्या 64 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण 55 हजार 500. भाडं येणार 22 हजार. "भाड्यातून हप्ता निघतो" असं सांगणारा माणूस तुम्हाला भेटला तर त्याला हप्ता आणि भाडं हे दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहायला सांगा. पहिल्या वर्षी नुसतं व्याजच महिन्याला 45 हजारांच्या घरात जातं.

मग लोक हे का करतात? वेडे आहेत का? नाहीत. सगळी मदार किमतीवर आहे. भाडं हा देखावा, खरी पैज अशी की आज 80 लाखांना घेतलेलं घर उद्या कोणीतरी दीड कोटीला घेईल. हा 'कोणीतरी' कोण? तो आज बावीस-तेवीस वर्षांचा आहे, लातूरहून किंवा चंद्रपूरहून पुण्यात आला आहे आणि तीन मित्रांबरोबर एका खोलीत राहतो. तुमच्या गुंतवणुकीचा परतावा म्हणजे त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या पगाराचा तुकडा. सोन्याचा भाव वाढला तर कोणी उघड्यावर पडत नाही. घराचा भाव वाढला की मात्र कोणीतरी लोकलच्या एका स्टेशनाने, रिंगरोडच्या एका वळणाने आणखी बाहेर ढकललं जातं.

इथे म्युच्युअल फंडवाले पुढे येतात. त्यांचंही एक रील असतं. "घर घेऊ नका. भाड्याने राहा, फरकाची एसआयपी करा, वीस वर्षांनी कोट्यधीश व्हा." वरचे आकडे पाहिले तर एक्सेल त्यांच्याच बाजूने बोलतं. 22 हजारात तेच घर मिळत असेल तर 55 हजार कशाला घालवायचे? मलाही हे पटलं होतं. आठ वर्षांत पाच घरं बदलल्यावर कळलं की एक्सेलमध्ये एक ओळ राहून गेली आहे.

ती ओळ सांगते.

वाकडचं घर बघायला गेले तेव्हा घरमालक काकांनी विचारलेले प्रश्न, क्रमाने: आडनाव काय? गाव कुठलं? नॉनव्हेज करता का? लग्न? का नाही? बरोबर कोण राहणार? तिचं आडनाव? रात्री किती वाजता येता? कोणी मुलं येणार नाहीत ना, भाऊबिऊ म्हणून? नोकरी कुठे, हा प्रश्न दहावा. भाडं भरण्याशी संबंधित असलेला तो एकटाच. काका वाईट नाहीत. दिवाळीला फराळ पाठवतात. पण दिवाळीच्या आदल्या महिन्यात त्यांनी न विचारता स्वतःच्या किल्लीने दार उघडून गीझर तपासला होता. मी आंघोळ करून नुकतीच बाहेर आले होते.

माझ्या मैत्रिणीला, तिचं नाव मी लिहीत नाही कारण नाव हाच मुद्दा होता, बाणेर-बालेवाडी पट्ट्यात अकरा ठिकाणी फोनवर घर 'उपलब्ध' होतं आणि नाव सांगितल्यावर "आत्ताच गेलं". बाराव्या ठिकाणी तिने माझं नाव सांगितलं. घर शिल्लक होतं.

आणि हे सगळं पार करून आत शिरलात की अकरा महिने. फक्त अकरा. दहावा महिना लागला की पोटात गोळा. काका वाढवणार किती? काकांचा मुलगा परत येणार का? कूकरची नवी रिंग आणली तरी मनात येतं, हा ओटा अजून किती दिवस आपला?

आता माझा मुद्दा. त्याच घरात राहायला एक माणूस 22 हजार देतो आणि दुसरा 55 हजार 500. घर तेच, लिफ्ट तीच, पाण्याचा टँकर तोच. वरचे साडेतेहतीस हजार कशाचे? थोडे भाव वाढण्याच्या आशेचे, मान्य. पण माझ्या वयाच्या ज्यांनी ज्यांनी ऐपतीबाहेर जाऊन घर घेतलं, त्यांना मी विचारलं आहे. एकाही माणसाने "ॲप्रिसिएशन" म्हटलं नाही. "कटकट नको." "भिंतीला खिळा ठोकायला विचारायचं नाही." "आईला चार महिने आणून ठेवता येतं." "कोणी उठ म्हणणार नाही." ते साडेतेहतीस हजार म्हणजे प्रश्न न विचारले जाण्याची किंमत आहे. भाडेकरू म्हणून रोज होणारा छोटा छोटा अपमान टाळण्यासाठी अख्खी पिढी वीस वर्षांची कर्जं काढते, त्या कर्जांनी भाव चढतात आणि ते चढलेले भाव बघून काका तिसरा फ्लॅट बुक करतात. भाड्याने राहणं असह्य ठेवणं हा या गुंतवणुकीचा अपघाताने झालेला परिणाम नाही. तोच तिचा पाया आहे. उद्या भाड्याने राहणं सुखाचं झालं तर घाबरून घर घेणारं गिऱ्हाईक गायब होईल आणि 80 लाखांच्या फ्लॅटची किंमत जिथे असायला हवी तिथे, त्याच्या भाड्याच्या जवळपास, येऊन बसेल.

*

"पण भाडेकरू एकदा बसला की उठत नाही." बाबांचं हे हुकमी वाक्य. तुमच्याही घरात कोणीतरी म्हणत असेल.

ही भीती हवेतून आलेली नाही. 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या टंचाईत भाडेकरूंना वाचवायला सरकारने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवली आणि ती तशीच राहिली. महागाई कुठल्या कुठे गेली, भाडं जागेवर. गिरगावात, दादरला, पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत भाडेकरू चहाच्या किमतीत राहिले, मालकांनी दुरुस्ती सोडली, जिने खचले, पागडी नावाचा समांतर व्यवहार उभा राहिला. आणि भाड्याने देण्यासाठी घर बांधणं हा धंदाच संपला. त्याआधी मुंबई उभी राहिली होती ती भाड्याच्या चाळींवर. गिरणी कामगार, कारकून, शिक्षक, सगळे भाडेकरू. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. मग आली 'ओनरशिप'. हा शब्द आपण मराठीत असा रुळवला की 'ओनरशिपचा ब्लॉक' म्हटल्यावर समोरचा सावरून बसायचा. 2017-18 च्या आर्थिक पाहणीत एक आकडा आहे: भारतातल्या शहरांत भाड्याच्या घरांचा वाटा 1961 मध्ये 54 टक्के होता, 2011 मध्ये 28 टक्के.

तेव्हा त्या कायद्याने नुकसान केलं हे मी मान्य करते. पण बाबा, तो कायदा जाऊन पाव शतक झालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा. 31 मार्च 2000 पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात मुदत संपली की घर रिकामं करून घेण्यासाठी त्यात कलम 24 आहे. वेगळा सक्षम अधिकारी, संक्षिप्त सुनावणी, आणि जो उठणार नाही त्याला परवाना शुल्काच्या दुप्पट रक्कम. मुळात या करारात मी कायद्याने भाडेकरू नाहीच. मी 'लायसन्सी' आहे, म्हणजे मला तुमच्या घरात असण्याची तात्पुरती परवानगी आहे. महिन्याला 22 हजार देऊन मिळालेली परवानगी.

आणि ते अकरा महिने? त्यामागे नोंदणी कायदा आहे. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर लोकांनी अकराची पळवाट काढली. महाराष्ट्रात ती पळवाट कधीच बुजली. कलम 55 प्रमाणे इथे अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. मुद्रांक शुल्क साठ महिन्यांपर्यंत त्याच पाव टक्क्याच्या दराने. म्हणजे तीन वर्षांचा करार करायला कायद्याची काडीचीही हरकत नाही. अकरा हा आकडा आता फक्त सवयीने आणि माजाने टिकला आहे.

सोसायट्यांबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल, तरी एक गंमत सांगायलाच हवी. फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी मालकाकडून 'नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस' घेते. 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे, त्याआधी तर वाटेल तेवढे उकळत. शब्दशः अर्थ, न राहण्याचं शुल्क. आमच्या वाघोलीच्या फ्लॅटवर ते लागतं का? नाही. तिथे कुलूप आहे. कुलपाला शुल्क नाही, माणसं राहायला आली की शुल्क. आणि हे ठरवणाऱ्या संस्थेच्या फलकावर 'सहकारी' असं लिहिलेलं असतं. त्या संस्थेच्या वार्षिक सभेत मी पाण्याविषयी बोलू शकत नाही, कारण मी सभासद नाही. पाणी मात्र मीच पिते.

सरकार वेगळं वागतं असं समजू नका. पूर्वी दुसरं घर बंद ठेवलं तरी त्याचं काल्पनिक भाडं उत्पन्नात धरून प्राप्तिकर लागायचा. कटकटीचा नियम होता, पण त्यात एक शहाणपण होतं: घर अडवून ठेवायचं तर काहीतरी मोजा. 2019 च्या अर्थसंकल्पाने दुसऱ्या घरावरचा तो कर काढला. 2025 च्या अर्थसंकल्पाने उरलेल्या अटीही काढल्या. मध्यमवर्गाला दिलासा, असं सगळ्या वाहिन्यांनी सांगितलं. कुठल्या मध्यमवर्गाला? दोन घरं असलेल्या. म्हाडा आहे, पण म्हाडा घरं विकते, आणि तीही लॉटरीने. डोक्यावर छप्पर मिळण्याच्या सरकारी प्रक्रियेला आपण लॉटरी म्हणतो आणि कोणाला हसू येत नाही.

2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरांत 1 कोटी 10 लाखांच्या आसपास घरं रिकामी होती. एकट्या मुंबईत पावणेपाच लाखांहून जास्त, देशात सगळ्यात अधिक. त्याच काळात सरकारचाच तज्ज्ञगट सांगत होता की शहरांत 1 कोटी 88 लाख घरांची टंचाई आहे. ही रिकामी घरं आणि ती बेघर माणसं एकमेकांच्या मापाची नाहीत, हे मला माहीत आहे. टंचाई बहुतेक सगळी गरिबांची आहे आणि कुलपं बहुतेक सगळी आमच्यासारख्यांची. पण जमीन, सिमेंट, वाळू, पाण्याची लाइन आणि बँकेचा पैसा एकच असतो. तो कुलपात गेला की दुसरीकडे जात नाही.

*

काय करावं, असं कोणी विचारेल म्हणून सांगते. रिकाम्या घरावर कर लावा. कॅनडातल्या व्हँकुव्हरने 2017 पासून लावला आहे, एक टक्क्याने सुरुवात केली, आता तीन टक्के आहे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच, अशी मर्यादा आहे. ती इथे सक्तीची करा. कराराची किमान मुदत तीन वर्षं ठेवा, वाढीचा दर आधीच लिहा. जात-धर्म विचारून घर नाकारणाऱ्या मालकाला आणि सोसायटीला दंड करा, आणि तो इतका ठेवा की चेअरमन पुन्हा आडनाव विचारताना चाचरेल. यातलं काहीही क्रांतिकारक नाही. जर्मनीत निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्याने राहतात आणि तिथे मुदत नसलेला करार हीच साधी पद्धत आहे. तिथल्या भाडेकरूला कोणी "अजून स्वतःचं काही झालं नाही का?" असं लग्नात विचारत नाही. निदान मला तरी तसं वाटतं, मी तिथल्या लग्नाला गेलेली नाही.

आमदार-नगरसेवक हे करतील का? त्यांच्यातल्या कितीजणांचा व्यवसाय 'बिल्डर व डेव्हलपर' आहे ते निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रांत वाचा. घरं स्वस्त करू असं सगळे म्हणतात, तुमच्या फ्लॅटची किंमत पाडू असं कोणी म्हणत नाही. दोन्हीचा अर्थ एकच आहे, म्हणून पहिलंही कधी होत नाही.

निदान घरातल्या घरात भांडता येतं. मी ते गेली दोन वर्षं करते आहे. काकांशीही झालं. त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो, भाड्याने. मागच्या करारावेळी काका तणतणत होते, "दहा महिन्यांचं डिपॉझिट मागतात हो तिथे! आणि वर कन्नड येत नाही म्हणून तोंड वाकडं करतात. माणसं आहेत का कोण?" मी म्हटलं, "काका, तुम्ही मला दोन हजार वाढवताय." ते म्हणाले, "ते वेगळं."

ते वेगळं नाही. काकांचा मुलगा तिथल्या कुठल्यातरी अंकलचा फ्लॅट फेडतो आहे, मी काकांचा फेडते आहे, आणि माझ्या बाबांचा फ्लॅट, कोणीच राहत नसल्यामुळे, बाबाच फेडत आहेत.

गेल्या महिन्यात बाबा एकदाचे हो म्हणाले. "दे भाड्याने. पण तूच बघ सगळं." मी फोटो काढले, पारव्यांची घाण धुतली, जाळी लावून घेतली, जाहिरात टाकली. चौदा हजार, डिपॉझिट दोन महिन्यांचं. संध्याकाळी पहिला फोन आला. एक मुलगा होता, खराडीत नोकरी, नुकताच रुजू झालेला. आवाज घाबरल्यासारखा. आणि हा सगळा लेख ज्या बाईच्या डोक्यात दोन वर्षं शिजत होता, तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "फॅमिली आहे की बॅचलर?"

तो गप्प झाला. मग म्हणाला, "बॅचलर आहे मॅडम, पण पार्टी वगैरे काही करत नाही."

मी सॉरी म्हटलं. त्याला ते कशाबद्दल हे कळलं नसावं. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याचा मित्र येऊन घर बघून गेले. चौथ्या दारातल्या काकूंनी त्यांना पाणी दिलं.

ऑनलाइन करार आता तयार आहे. शनिवारी अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस येणार आहे, आधी वाघोलीला त्या मुलांकडे, मग बाबा पुण्यात आले की आमच्याकडे. मी मुदत छत्तीस महिने टाकली होती. बाबांनी मसुदा वाचून फोन केला. "अकराच कर गं. सगळे अकराच करतात." मी म्हटलं, का ते सांगा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शनिवारी आलो की बघू." मुदतीचा रकाना मी सध्या मोकळा ठेवला आहे.